ऋतू बघून शाळेचा वेग ठरवणे: शिक्षकांचा शीण कमी करणारे वर्षाचे नियोजन (नाशिक जिल्हा)

खडू_फळा | ३ मे, सकाळी १०:१२

वार्षिक नियोजनाचा तक्ता दरवर्षी जूनमध्ये भरला जातो आणि त्यात घटक दहा महिन्यांवर सारखे वाटले जातात. नाशिक जिल्ह्यात जुलै आणि जानेवारी हे महिने सारखे नसतात, आणि इगतपुरीचा जुलै व येवल्याचा जुलै हेही सारखे नसतात. पाऊस, ऊन, मुलांची हजेरी, वरिष्ठ कार्यालयांतून मागवल्या जाणाऱ्या माहित्या आणि शिक्षकाचा घसा, सगळ्यांचे चढउतार वेगळे आहेत. ते एकाच पंधरवड्यात एकत्र चढले की माणूस मोडतो. सत्राच्या शेवटी जो थकवा येतो त्यातला बराचसा अशा चार-पाच पंधरवड्यांत साचलेला असतो.

म्हणून तक्ता भरण्याआधी "भाराचा तक्ता" करावा. एक मोठा कार्डशीट कागद घ्या. १५ जून ते ३० एप्रिल, पंधरवड्यांचे २१ उभे रकाने. आडव्या चार ओळी:

१. वरचे काम: संकलित मूल्यमापन (सत्राच्या शेवटची परीक्षा), ३० सप्टेंबरचा पट (मुलांची नोंदसंख्या), यू-डायस (शाळांची सरकारी ऑनलाइन माहिती), शिष्यवृत्ती, स्पर्धा, तपासण्या.
२. हवामान: पाऊस, उकाडा, थंडी, अंधारातला प्रवास.
३. मुलांची हजेरी: आवणी (भातलावणी), सुगी, द्राक्षाचा हंगाम, यात्रा, लग्नसराई.
४. शिक्षकाचे काम: गठ्ठे (तपासायचे पेपर), नोंदी, बोलण्याचे तास, सराव, घरचे सण.

प्रत्येक चौकोनात ० ते ३ गुण. बेरीज ८ किंवा जास्त आली तो जड पंधरवडा. जड पंधरवड्यात नवा घटक, नवा उपक्रम, नवी वही सुरू करायची नाही. फक्त सराव, वाचन आणि जे वरून आले ते. बेरीज ४ किंवा कमी असेल तिथे अवघड घटक ठेवायचे.

हे सगळे १५ जूनच्या आधी लिहून काढले तरच उपयोग. सत्र सुरू झाल्यावर "या महिन्यात जरा हळू घेऊ" असे कुणी कितीही म्हटले तरी ते होत नाही.

---

सिन्नरचा_वारा | ३ मे, सकाळी ११:०५

कल्पना बरी आहे, पण "हळू" म्हटले की वरून पहिला प्रश्न येतो: अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार? दिवस कुठून आणायचे?

---

खडू_फळा | ३ मे, दुपारी १२:३०

दिवस आहेत, सर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास आहेत, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. आपल्याकडे सुट्या ७६ आणि कामाचे दिवस २३० धरून वर्ष आखले जाते. म्हणजे प्राथमिकला ३० दिवसांची सैल जागा आहे, उच्च प्राथमिकला १०.

त्याच परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास लिहिले आहेत आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. "तयारीच्या तासांसह" एवढे शब्द बैठकीत वाचून दाखवावेत. टाचण, गठ्ठे, साहित्य हे घरी नेण्याचे काम आहे असे कायदा म्हणत नाही.

---

आवणी | ३ मे, रात्री ९:४४

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्याचे लिहितो. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस, आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट. इथे जुलै हा जड महिना आहे आणि त्याची कारणे पुस्तकात सापडणार नाहीत.

पहिले कारण पत्रा. पावसाचा जोर असताना पत्र्याखाली शिकवणे म्हणजे ओरडणे. दोन तास ओरडले की घसा दोन दिवस बसतो आणि मुलांपर्यंत काही पोचतही नाही. यासाठी "पावसाचा तास" आधीच तयार हवा. एका पत्र्याच्या पेटीत: तीस मुलांसाठी ४० गोष्टीची पुस्तके (चाळीस, कारण वाचून झाले की बदलायला हवीत), शब्दपट्ट्या व गणिताची कार्डे लॅमिनेट केलेली, पाट्या, रंगखडू, जिल्ह्याचे कोरे नकाशे. जोर वाढला की बोलायचे थांबायचे, फळ्यावर फक्त कार्डाचा क्रमांक लिहायचा. मुलांना ही सवय जूनमध्ये कोरड्या दिवशीच चार-पाच वेळा लावावी लागते. पहिल्यांदा मुसळधार पावसातच केली तर गोंधळ होतो, कारण सूचना कुणाला ऐकूच जात नाही.

दुसरे कारण ओल. खडू ओला होतो, फळा घामेजतो, डस्टर फिरवला की पांढरा लेप बसतो. खडू झाकणाच्या डब्यात, तळाशी मूठभर तांदूळ किंवा सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत. फळा आधी सुती फडक्याने कोरडा पुसावा, मग डस्टर. हजेरीपट आणि मूल्यमापन नोंदवह्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवल्या तर ऑगस्टपर्यंत बुरशी धरते. पत्र्याच्या पेटीत, विटांवर उचलून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून ठेवाव्यात. वही खराब झाली की ती पुन्हा लिहिण्याचे काम सप्टेंबरमध्ये येते, म्हणजे नेमके पटाच्या गडबडीत.

तिसरे, आवणी. भातलावणीच्या दोन-तीन आठवड्यांत चौथीपासूनची मुले शेतात किंवा घरी धाकट्यांना सांभाळायला. निम्मा वर्ग समोर असताना नवा घटक घेतला तर तो ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावाच लागतो. त्या दिवसांत आलेल्या मुलांचे एकेकट्याने वाचन ऐकावे, रोज पाच मुले. वाचन चाचणीच्या नोंदी इथेच होऊन जातात.

---

वैनतेय_बाई | ३ मे, रात्री १०:२०

आवणी सर, पायांचे राहिले. ओल्या बुटात सहा तास बसले की चिखल्या होतात आणि मग महिनाभर चालणे अवघड. शाळेत एक कोरडी चप्पल कायमची ठेवायची, पोचल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, मगच चप्पल. खाज सुरू झाली असेल तर बुरशीवरची पावडर, आणि भेगा पडल्या असतील किंवा मधुमेह असेल तर घरगुती उपाय न करता दवाखाना. दुचाकीवर येणाऱ्यांनी रेनकोटची पँट एक माप मोठी घ्यावी. घट्ट पँटची शिवण गुडघ्याला फाटते आणि पाणी तिथूनच आत येते.

---

पंचवटीकर | ४ मे, सकाळी ७:५०

पंधरवड्याऐवजी पावसाची नक्षत्रे घेतली तर? प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे आणि पालकांनाही तीच भाषा कळते. मृग ७-८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, आश्लेषा २-३ ऑगस्ट, मघा १६-१७ ऑगस्ट.

---

सिन्नरचा_वारा | ४ मे, सकाळी ८:१५

शाळेच्या कागदावर पंचांग कशाला? अधिकमासाने सगळे मागेपुढे होते.

---

पंचवटीकर | ४ मे, सकाळी ८:४१

ही नक्षत्रे सूर्यावर चालतात, त्यामुळे इंग्रजी तारखा जवळपास पक्क्या राहतात. अधिकमासाने सरकतात ते तिथीचे सण. यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. भाराच्या तक्त्यात हेच मोठे आहे. पहिले सत्र जूनच्या मध्यापासून जवळजवळ पाच महिने सलग चालणार. दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षांचा जुना तक्ता यंदा उतरवून काढला तर चुकेल.

---

खडू_फळा | ४ मे, सकाळी ९:३०

हे फार कामाचे. त्या पाच महिन्यांत मध्ये एक थांबा हवा. गणपतीच्या सुटीला लागून मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एक सुटी जोडता येते का ते आताच बघावे. ही सुटी बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत कुठल्यातरी कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी खर्ची पडते. यंदा ती सप्टेंबरात जास्त कामाची.

---

दप्तर_लिपिक | ४ मे, दुपारी २:१०

सप्टेंबरचा विषय निघाला म्हणून. ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता (शाळेतल्या शिक्षकांची मंजूर पदे) ठरते, त्यामुळे आधार, जन्मतारीख, नावातल्या मात्रा-वेलांट्या, सगळे त्या महिन्यात अंगावर येते. शेवटच्या आठवड्यात पोर्टल मंद होते कारण सगळा महाराष्ट्र तेव्हाच बसलेला असतो.

कामाचे गणित बघा. एका मुलाची नोंद तपासून दुरुस्त करायला ६ मिनिटे धरली तर ४० मुलांच्या वर्गाला ४ तास. सलग बसले तर डोळे जातात आणि चुका होतात. रोज ४ मुले घेतली तर २४ मिनिटे आणि दहा दिवसांत वर्ग संपतो. हे दहा दिवस ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा.

त्याआधी जुलैत एक मूळ पत्रक करा: जनरल रजिस्टरप्रमाणे नाव, आधारवरचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खाते, प्रवर्ग, दिव्यांगत्व असल्यास प्रकार. दोन नावांत फरक असेल त्याच ओळीवर लाल खूण. लाल खुणांच्या पालकांनाच बोलवायचे, आणि आवणी संपल्यावर. आधी बोलावले तर कुणी येत नाही. पुढे वर्षभर जी जी माहिती मागतील ती या पत्रकातून निघते. तीच माहिती पाच गुगल फॉर्मवर पाच वेळा वर्गशिक्षकाकडून मागवण्यात जो वेळ जातो, तो कुठल्याही ध्यानधारणेच्या कार्यशाळेने परत मिळत नाही.

---

मखमलाबाद_रोड | ४ मे, दुपारी २:३३

शेवटच्या वाक्याला +१००. वाचनखूण साठवली.

---

गठ्ठा | ४ मे, सायंकाळी ६:०२

दिवाळीची सुटी कशी जाते ते सगळ्यांना माहीत आहे: पिशवीत गठ्ठे आणि डोक्यात निकालपत्रक. यंदा सत्र लांब असल्याने हे टाळायची संधी आहे. संकलितचा शेवटचा पेपर सुटी लागण्याच्या किमान सहा कामाचे दिवस आधी संपेल असे वेळापत्रक लावा. मोठ्या उत्तरांचे पेपर (भाषा, सामाजिक शास्त्र) आधी, गणित आणि चित्रकला शेवटी. नेहमी उलटे होते आणि सगळ्यात वेळखाऊ गठ्ठा सुटीच्या आदल्या दिवशी हातात पडतो.

तपासणीचा हिशेब: ४५ पेपर, प्रत्येकी ४ मिनिटे, म्हणजे एक गठ्ठा ३ तास. पाच गठ्ठे असतील तर १५ तास. सहा दिवस दुपारच्या सत्रात अडीच तास मिळाले की काम शाळेतच संपते. यासाठी परीक्षेनंतरच्या दुपारी वर्ग एकत्र बसवून वाचन, खेळ, कार्यानुभव घ्यायचे आणि शिक्षकांनी आळीपाळीने सांभाळायचे. हे पर्यवेक्षकांनी लेखी लावून दिले नाही तर ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच गळ्यात रोज पडते.

तपासायची पद्धत: पूर्ण पेपर एकदम तपासू नये. सगळ्या पेपरांतला पहिला प्रश्न, मग सगळ्यांतला दुसरा. उत्तरसूची डोक्यात एकच राहते, वेग वाढतो, आणि पहिल्या व शेवटच्या मुलाला लावलेला हात सारखा राहतो. १५-१५ चे तीन भाग करा. ४० मिनिटांनी उठायचे, दहा मिनिटे लांबचे बघायचे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. बेरीज त्याच दिवशी करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी करा. दमलेल्या माणसाची चूक बेरजेतच होते आणि फेरतपासणीत तेच पहिले सापडते.

वर्णनात्मक नोंदींचेही असेच. ४० मुले गुणिले ८ विषय म्हणजे ३२० नोंदी. सत्राच्या शेवटी एकदम लिहायला घेतल्या की "वाचन चांगले करतो" हेच वाक्य चाळीस वेळा उतरते. रोज दोन मुलांच्या आठही विषयांच्या नोंदी लिहिल्या तर २० दिवसांत वर्ग संपतो. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबू नका, पावसाच्या तासातही हे होते.

---

वैनतेय_बाई | ४ मे, रात्री ८:५५

आणि सुटीत वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद. ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील असे करता येते. सुटीच्या आदल्या दिवशी एकच संदेश: शाळा कधी उघडणार, तातडीचे काम असेल तर शाळेचा क्रमांक कोणता. हे सगळ्या वर्गांनी एकाच दिवशी करायचे. एकाच बाईंनी केले तर पालक तुलना करतात आणि दुसऱ्या दिवशी ग्रुप पुन्हा उघडावा लागतो.

---

स्वरयंत्र | ५ मे, सकाळी ६:४८

आवाजाचे वेगळे लिहिते, कारण शिक्षकाचा शीण सगळ्यात आधी तिथे दिसतो आणि ऋतूप्रमाणे कारण बदलते.

पावसाळ्यात कारण गोंगाट. उपाय वर आलाच आहे: जोराच्या पावसात बोलायचे नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात कारण पाण्याची कमतरता. दर वीस मिनिटांनी दोन घोट. तासाच्या शेवटी पाऊण लिटर एकदम प्यायल्याने घशाला तेवढा फायदा होत नाही.

थंडीत कारण कोरडी हवा आणि न तापलेला आवाज. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तिथे सकाळी सातला परिपाठात थेट मोठ्याने सुरुवात करणे वाईट. आधी पाच मिनिटे: मिटल्या ओठांनी हलका हुंकार एक मिनिट, ओठ फुरफुरवत खालून वर सूर नेणे एक मिनिट, मग नळीचा व्यायाम. अर्धा ग्लास पाणी, साधी शीतपेयाची नळी, टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर, आणि बुडबुडे काढत "ऊ" असा सलग आवाज, दोन-तीन मिनिटे. गाल फुगवायचे नाहीत, गळ्यावर ताण जाणवला तर नळी थोडी वर घ्यायची.

काय चुकते: घसा सारखा खाकरणे. त्याने स्वररज्जू एकमेकींवर आपटतात, सूज वाढते, म्हणून पुन्हा खाकरावेसे वाटते. त्याऐवजी घोटभर पाणी किंवा नुसती आवंढ्याची क्रिया. बसलेल्या आवाजात जोर लावून कुजबुजणेही नको, त्यानेही ताणच येतो. डस्टर फळ्यावर कोरडा झटकू नये. ओलसर फडके वापरावे, पावसाळ्याचे दिवस सोडून. तीन आठवड्यांहून जास्त आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचे, आणि गिळताना त्रास, श्वासाला अडथळा किंवा थुंकीत रक्त असेल तर लगेच.

वेळापत्रकात एक नियम: कुणालाही सलग तीन बोलके तास नकोत. तिसरा तास लेखनाचा किंवा प्रयोगवहीचा.

---

नांदूर_मध्यमेश्वर | ५ मे, सकाळी ९:२०

पाणी प्या म्हणणे सोपे आहे. अनेक शाळांत शिक्षिका सकाळपासून दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही किंवा किल्ली कुणाकडे तरी मागावी लागते. उन्हाळ्यात याचा शेवट मूत्रमार्गाच्या संसर्गात होतो.

लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत: आतून कडी, एक झाकणाची बादली आणि पाण्याचा मग, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा, किल्लीच्या दोन प्रती आणि त्यातली एक कायम शिक्षिकांकडे. दुसऱ्या आणि पाचव्या तासानंतर पाच मिनिटांची सूट, शेजारच्या वर्गाने दोन्हीकडे लक्ष ठेवायचे. शाळा अनुदानातून हा खर्च होतो. वेग, ऋतू वगैरे गोष्टी यानंतरच्या.

---

स्वरयंत्र | ५ मे, सकाळी ९:४१

पूर्ण सहमत. पाण्याच्या सल्ल्याआधी हे लिहायला हवे.

---

द्विशिक्षकी | ५ मे, रात्री ९:१५

वाचतोय. बहुतेक मुद्दे आठ-दहा शिक्षकांच्या शाळेचे आहेत. दोन शिक्षक, चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, त्यात एकाला बैठक. आळीपाळी कुणाशी करायची?

---

आवणी | ५ मे, रात्री १०:३०

दोन शिक्षकी शाळेत वाटणी माणसांत होत नाही, दिवसांत होते. चालणारी पद्धत अशी: पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस, शक्यतो शनिवारची अर्धी शाळा, चारही वर्ग एकत्र. त्या दिवशी एकजण गाणी, गोष्ट, खेळ, परिसरभेट घेतो, दुसरा फक्त कागद करतो. पुढच्या शनिवारी उलट. पोषण आहाराची नोंद रोज ताटे वाढून झाल्यावर लगेच, महिन्याचा हिशेब याच दिवशी. त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस दुसऱ्या कागदाला हात लावायचा नाही.

बैठकीच्या दिवशी उरलेल्या शिक्षकाने चार वर्गांना चार वेगळे पाठ द्यायचा प्रयत्न करू नये. एक विषय, चार पातळ्या: बाजार घेतला तर पहिली वस्तू मोजेल, दुसरी नाणी जोडेल, तिसरी बिल करेल, चौथी नफा-तोटा. पेटीत अशा सहा विषयांची कार्डे जूनमध्येच करून ठेवावीत. सहा पुरतात.

आणि नोंदवह्यांची यादी करा. कुठली वही कुणी मागितली, कोणत्या पत्राने, शेवटची कधी तपासली. ज्या वहीला पत्रही नाही आणि तपासणीही नाही, ती केंद्रप्रमुखांना यादी दाखवून बंद करायची. तोंडी विचारले तर उत्तर "असू द्या" येते. लेखी यादीवर सही मागितली की निम्म्या वह्या आपोआप गळतात.

---

दिंडोरी_गाव | ६ मे, सकाळी ८:०५

द्राक्षपट्ट्याचे दोन शब्द. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे कामाला येतात आणि काढणी मार्च-एप्रिलपर्यंत चालते. तिकडचा पट रिकामा, इकडे मध्येच मुले वाढतात. दोन्हीकडच्या शिक्षकांना हे काम जानेवारीत अचानक आल्यासारखे वाटते, पण ते दरवर्षी येतेच.

पाठवणाऱ्या शाळेने शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिकता यावे म्हणूनचे) दिवाळीच्या सुटीआधी भरून पालकाच्या हातात द्यायचे. सुटीनंतर कुटुंब गेलेले असते. कार्डासोबत एक कागद: मूल काय वाचू शकते, कुठपर्यंतची बेरीज-वजाबाकी येते, एवढेच. घेणाऱ्या शाळेने मळ्यांची यादी नोव्हेंबरच्या शेवटी एकदाच करायची. यादी नसली की प्रत्येक नव्या मुलामागे चौकशीचे चार फोन होतात.

---

पंचवटीकर | ६ मे, सकाळी १०:१०

हिवाळ्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. हवा चांगली, भूक चांगली, मुले पूर्ण, म्हणून सगळेजण सगळे काही हिवाळ्यातच कोंबतात: सहल, स्नेहसंमेलन, क्रीडा, शिष्यवृत्तीचे जादा तास, विज्ञान प्रदर्शन, ३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती, २६ जानेवारी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा दिन. (शेवटचा कार्यक्रम कुसुमाग्रजांच्या गावात टाळता येत नाही, टाळूही नये.) खरे शिकवायला सगळ्यात चांगले दहा आठवडे असे सरावात जातात आणि मग मार्चच्या उन्हात अभ्यासक्रम पळवावा लागतो.

स्नेहसंमेलन एक वर्षाआड करा. मधल्या वर्षी वर्गांचे प्रदर्शन, त्याला सराव लागत नाही. स्नेहसंमेलन असेल तर सराव दहा दिवस, रोज ४० मिनिटे, शेवटच्या तासाला, आणि भाड्याचे पोशाख नाहीत. पोशाखाच्या पैशांचा हिशेब हाच शिक्षिकांना सगळ्यात जास्त छळतो.

सकाळच्या शाळांसाठी: जानेवारीत इथे सूर्य ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास उगवतो. सातची शाळा म्हणजे शिक्षक आणि मुले अंधारात रस्त्यावर. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा नंतर भरवावेत असे राज्याने २०२४ मध्ये सांगितले आहे. जिथे जागेअभावी दोन सत्रे आहेत तिथे निदान डिसेंबर-जानेवारीत मोठे वर्ग सकाळी आणि लहान दुपारी ठेवता येतात.

---

गठ्ठा | ६ मे, सकाळी १०:४४

यंदाचा फेब्रुवारी आताच लाल करून ठेवा. बोर्डाच्या परीक्षा गेली दोन वर्षे फेब्रुवारीतच सुरू होत आहेत. त्यात फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष लोकसंख्या मोजणी. अधिकमासामुळे निवृत्तिनाथांची यात्राही जानेवारीऐवजी फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे त्र्यंबकच्या रस्त्याने जाणाऱ्यांचा प्रवास त्या आठवड्यात दुप्पट. माझ्या तक्त्यात या महिन्याचे दोन्ही पंधरवडे १२ पैकी ११. अवघड घटक २५ जानेवारीपर्यंत संपवायचे आणि फेब्रुवारीत फक्त उजळणी.

---

सिन्नरचा_वारा | ६ मे, दुपारी १:२०

जनगणनेला नकार देता येत नाही ना?

---

दप्तर_लिपिक | ६ मे, दुपारी १:५२

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामे सोडून बाकी अशैक्षणिक कामांना मनाई आहे. जनगणना त्या तिनांत बसते. घरयादीचे कामही यंदाच, एप्रिल ते सप्टेंबरच्या मुदतीत राज्याने ठरवलेल्या ३० दिवसांत. ज्यांची उन्हाळी सुटी यात गेली त्यांनी नेमणुकीचा आदेश, कामाच्या तारखा आणि काम पूर्ण केल्याचा दाखला जपावा. दीर्घ सुटीतल्या कामाबदली अर्जित रजेचा प्रस्ताव या तीन कागदांवरच उभा राहतो. दाखला काम संपल्याच्या आठवड्यातच घ्या. नंतर प्रगणकांचे पर्यवेक्षक सापडत नाहीत.

---

वैनतेय_बाई | ६ मे, रात्री ९:०५

उन्हाळ्यातली सकाळची शाळा सगळ्यांना सोयीची वाटते. सातची शाळा, म्हणजे घरचा डबा-स्वयंपाक करून निघणारी बाई साडेचारला उठते. अकरा-साडेअकराला शाळा सुटली की "आता वेळ आहेच" म्हणून बैठक, प्रशिक्षण, गठ्ठे. मालेगावकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडलेला असतो. पुरुष शिक्षक दुपारी झोपतो, बाईला ती झोपही नाही. तक्त्यात मार्च-एप्रिलच्या हवामानाला २ देऊन चालणार नाही, ३ द्या.

करण्यासारखे: सकाळच्या शाळेच्या काळात दुपारी बाराच्या पुढे कुठलीही बैठक नको. शिक्षण परिषद घ्यायचीच तर सकाळी, शाळेच्या वेळेत, निम्मे-निम्मे शिक्षक. पेपर तपासणी सुटल्यावर पाऊण तास, शाळेतल्या सगळ्यात थंड खोलीत, मग घर. दुपारी अर्धा तास पडायचे, त्याहून जास्त झोपले तर रात्रीची झोप लांबते आणि पहाटेचे उठणे आणखी जड होते. पत्र्याच्या वर्गांना मार्चच्या आधी वरून चुन्याचे दोन हात द्यावेत, पत्रा आधी धुऊन, नाहीतर धुळीसकट पापुद्रे निघतात. ताकात मीठ, सोबत ओआरएसच्या दोन पुड्या कार्यालयात कायम. एक पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पूर्ण पाण्यात, अंदाजाने ग्लासभर नाही.

---

खडू_फळा | ७ मे, सकाळी ८:३०

सगळे जोडून तक्ता नव्याने मांडतोय. शहर, पश्चिम पट्टा, द्राक्षपट्टा आणि सिन्नर-येवला-नांदगाव असे चार वेगळे कागद करावे लागतील, एका कागदात जिल्हा बसत नाही. पूर्वेकडे जुलै हलका आणि मे-जूनचे पाणी हाच मोठा भार, तिकडच्या कुणी ओळी भरून द्या.

२०२७ च्या जूनसाठी आणखी एक. सिंहस्थाची मुख्य स्नाने आषाढ अमावस्येपासून भाद्रपदापर्यंत आहेत, म्हणजे शहर आणि त्र्यंबकच्या शाळांचे पुढच्या वर्षाचे ऑगस्ट-सप्टेंबर वाहतूक, बंदोबस्त आणि सुट्यांत जाणार. ३० सप्टेंबरच्या पटाचे काम तेव्हा जुलैतच उरकावे लागेल.

---

नांदगाव_फाटा | ७ मे, सकाळी ९:४८

पूर्वेकडच्या ओळी मी भरते. एक शंका: हा तक्ता मुख्याध्यापक बदलले की कपाटात जातो. टिकवायचा कसा?

---

दप्तर_लिपिक | ७ मे, सकाळी १०:१५

शाळा व्यवस्थापन समितीच्या जूनच्या बैठकीत ठराव घ्या. विषय "वार्षिक नियोजनास मान्यता" असाच ठेवा, वेगळे नाव देऊ नका. ठरावात जड पंधरवड्यांच्या तारखा, त्या काळात न घेण्याचे उपक्रम आणि परीक्षेनंतरच्या तपासणीच्या दुपारी, एवढे तीन मुद्दे. तक्त्याची प्रत इतिवृत्ताला जोडून त्यावर अध्यक्ष व सचिवांची सही. बदलून आलेल्या मुख्याध्यापकांना पदभार देताना इतिवृत्ताची वही यादीत असतेच, त्यामुळे तो कागद सोबत जातो. बदल करायचा असेल तर त्यांना पुन्हा बैठक घ्यावी लागेल.

---

नांदगाव_फाटा | ७ मे, सकाळी १०:२२

बैठक १५ जूनच्या आधी लावते. पूर्वेचा कागद रविवारपर्यंत इथेच टाकते.